किल्ल्यांचा बाऊल

१६ मार्च, रविवार

आजपासून रोजनिशी. यशस्वी माणसं लिहितात असं ऐकून आहे. आपण आधीच लिहून ठेवलेली बरी.

सद्यस्थिती. मुक्काम राहनाळ, सासऱ्यांचा बंगला. लग्नानंतर इथे फक्त दोन महिने राहायचं ठरलं होतं. तिसरं वर्ष चालू आहे. यात माझा दोष नाही. मानकोलीच्या गोडाऊनमधली सुपरवायझरची नोकरी मी सोडली, कारण तिथे माझ्या डोक्याला वाव नव्हता. वाव कुठे आहे याचा शोध चालू आहे.

सासरे केसरीनाथशेट. मी त्यांना मामा म्हणतो. गावात त्यांची गोडाऊनं आहेत, भाड्याने दिलेली. पहिल्या वर्षी ते मला जावईबापू म्हणायचे. दुसऱ्या वर्षी जावई. हल्ली ए जीवन.

या घराची किल्ली माझ्याकडे नाही. एकदा मागितली होती. मामा म्हणाले, तुला कशाला रं, घरात कोन ना कोन असतंच. बरोबर आहे. म्हणून मी बेल वाजवतो. आतून मामा विचारतात, कोन हाय? मी सांगतो, मी. मग दार उघडतं. तीन वर्षं हेच.

पण आज इतिहास घडला. जेवताना रीमाने (माझी बायको) अंजूरफाट्याच्या फ्लॅटचा विषय काढला. मामांचा फ्लॅट, रिकामा पडून आहे. आम्हाला राहायला द्या म्हणाली. मामांनी आधी बोंबील संपवला. मग म्हणाले, याला एक काम तरी पुरं करून दावू दे. ही पुढची ओटी घे. चैत्रात आम्ही एकवीरेला जाऊन येतो, तवर नीट करून ठेव. आवडली तर किल्ली तुझी.

(गच्चीवरची बाग आणि फिशटँक यांचा उल्लेख त्यांनी केला, तो अनावश्यक होता. मासे उन्हाने मेले.)

रीमाने माझ्याकडे बघितलं. असं तिने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. मला ती किल्ली पाहिजे. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली, बेल नाही. बस्स.

१८ मार्च

दिवसभर यूट्यूब. रीमा म्हणाली, काम कधी सुरू करणार? तिला सांगितलं, हेच काम आहे.

मुख्य मुद्दा असा की ज्याला हे लोक ओटी म्हणतात ते फॉयर आहे. घराचा चेहरा. भिंतीला लागून एक लांबट टेबल लागतं. त्यावर तीन वस्तू, तीन उंचीच्या. रंग शांत. थोडा उजेड, थोडा सुगंध, आणि एक वस्तू घरातल्या माणसांशी नातं सांगणारी. शिवाय किल्ल्यांसाठी बाऊल. आल्याबरोबर माणूस किल्ली त्यात टाकतो. बाऊलशिवाय फॉयर नाही.

सासूबाईंना (गुणाबाई) समजावून सांगितलं. त्या ओटीवर कोळंबी सोलत होत्या. म्हणाल्या, मंग चपला कुठं काढायच्या?

२० मार्च

कल्याणला जाऊन बाऊल आणला. पितळी, मोठा. टेबल अजून नाही, म्हणून जमिनीवर ठेवलाय. किल्ली पण नाही. पण सुरुवात झाली.

संध्याकाळी मामांनी त्यात सुपारी कातरली. फार वाईट वाटलं. उद्यापासून कडक धोरण.

२२ मार्च

टेबल मिळालं! जुन्या गोडाऊनमधला लडकू अजून ओळख ठेवून आहे. तिथे ऑनलाइन गिऱ्हाइकांनी परत पाठवलेला माल खोक्यासकट उचलायचा असतो. खोकं फोडून बघायचं नाही, हा नियम. एका खोक्यावर टेबलाचं चित्र होतं, अगदी हवं तसं. लडकू म्हणाला, साहेब, रिटर्न माल म्हंजे कुनीतरी पस्तावून परत केलेला माल, इचार करा. लडकूला विनोद करायची सवय आहे.

टेम्पोतून आणलं. खोकं चित्रापेक्षा बरंच लांब निघालं. त्यात काय, भव्य दिसेल.

२५ मार्च

टेबल जोडलं. खोक्यात स्क्रू होते, ते आवळायची चावी नव्हती. मी अडलो नाही. लाकडाचा गोंद आणला आणि सगळे सांधे कायमचे चिकटवले. आता हे टेबल जन्मात सुटणार नाही.

सासूबाई म्हणाल्या होत्या, अंगणात जोड, मग आत घे. मी म्हटलं, जागेवरच जोडतात, शास्त्र आहे.

जोडून झाल्यावर एक किरकोळ गोष्ट लक्षात आली. दार आत उघडतं. टेबल मध्ये येतं. म्हणजे दार उघडतं, पण पाव. मी पोट आत घेऊन, आडवा होऊन जाऊ शकतो. टेबल बाहेर मात्र जाऊ शकत नाही. सरकवून बघितलं, एका बाजूला जिन्याचा कठडा, दुसऱ्या बाजूला भिंत. चपखल बसलंय. सुतारालाही इतकं माप साधलं नसतं.

घरातली माणसं सध्या स्वयंपाकघराच्या दाराने जा-ये करतात. रीमाची कंपनीची गाडी तशीही मागेच थांबते. सोय झाली.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी पुढच्या दारातून निघेना. मागे धुणं वाळत घालायच्या तारेजवळ उभारली. मामांनी तिथेच नमस्कार केला. टेबलाविषयी एक शब्द बोलले नाहीत. म्हणजे आवडलं असावं. नावडलं असतं तर मामा बोलल्याशिवाय राहिले नसते.

रीमा बोलली. पण ती पॅकिंगच्या गडबडीत असल्यामुळे चिडकी झाली आहे. तिने आमच्या कपड्यांची एक बॅग आत्ताच भरून पलंगाखाली ठेवलीय. अंजूरफाट्यासाठी. मी बघितलं आणि बॅग परत नीट आत सरकवली. 

२ एप्रिल

मामा, सासूबाई आणि मेहुणा कुणाल एकवीरेला रवाना. शनिवारी संध्याकाळी परत. गर्दीत चोरी होते म्हणून मामा फोन कपाटात ठेवून जातात. कुणालचा फोन कधीच लागत नाही.

आता मैदान मोकळं. तीन दिवस. निश्चय : रोज पहाटे उठणे.

३ एप्रिल

नऊला उठलो.

टेबलावर अंथरायला रनर हवा. प्रिंटेड नको, शांत हवा. नारपोलीला इश्तियाकभाईंच्या लूमवर गेलो. मामांचे जुने ओळखीचे. त्यांना सांगितलं, सफेद चाहिए, कोरा, बिना सिला हुआ, आज ही चाहिए, सासरे के लिए है. लूमच्या आवाजात ओरडून सांगावं लागलं. त्यांनी एकदम लूम बंद करायला लावले. माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हाताने कापड फाडून दिलं, नीट घडी घातली, आणि पैसे काही केल्या घेईनात. म्हणाले, इस काम के पैसे नहीं लेते, बेटा. डोळ्यांत पाणी.

कलेची कदर या लोकांना आहे. राहनाळात नाही.

४ एप्रिल

नातं सांगणारी वस्तू. आधी आमच्या लग्नाचा फोटो ठेवणार होतो. मग डोकं चालवलं. किल्ली कोणाकडे आहे? मामांकडे. मग फोटो कोणाचा हवा?

मामांचा वाढदिवसाच्या बॅनरवरचा फोटो गॉगल घालून आहे आणि शर्ट पोपटी. चालणार नाही. कपाटात एक पासपोर्ट फोटो सापडला, गंभीर. स्टुडिओत नेऊन मोठा करून घेतला, ब्लॅक अँड व्हाइट, कारण रंगसंगती. स्टुडिओवाल्याने हळू आवाजात विचारलं, खाली तारीख टाकायची का? म्हटलं नको, मामा कालातीत आहेत. त्याने मान डोलावली. फ्रेम पण काळी घेतली. छानपैकी भारदस्त.

शिवाय लाकडी मण्यांची माळ आणली. सगळ्या व्हिडिओत असते. फुलदाणीभोवती गुंडाळायची.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी

रीमा कामावर गेली, मागच्या दाराने. मी मांडणी सुरू केली.

पांढरं कापड. मध्ये मामा. डावीकडे पितळी समई, कारण विजेच्या दिव्याची केबल पुरली नाही. उजवीकडे फुलदाणीत पांढरी फुलं. उदबत्ती. पुढे बाऊल, रिकामा, सज्ज. मण्यांची माळ फुलदाणीवर राहीना, घसरायची. मग फोटोच्या फ्रेमला अडकवली. तिथे बरोबर बसली, दोन्ही बाजूंनी सारखी.

लांब उभं राहून बघितलं. अंगावर काटा आला. पहिल्यांदा आयुष्यात एक काम मी पुरं केलं होतं. दार पाव उघडं ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. खरं सांगायचं तर बंद केलं की त्याच्या वाऱ्याने समईची वात विझायची.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने

पहिली दाद! शेजारची ठकुबाई दळण घेऊन चालली होती. फटीतून आत बघितलं, डबा जागेवर सोडला आणि हंबरडा फोडला. गो मा‍झ्या गुणाबाय, असं कायसं ओरडत पळत गेली. जुनी माणसं भावनाप्रधान असतात. तरी इतका परिणाम मला अपेक्षित नव्हता.

दुपारी

लोक येतायत! पाटलांच्या आळीतले सगळे. एकेक जण दारातून आडवा होऊन आत येतो, टेबलासमोर उभा राहतो, हात जोडतो, कोणी बोलत नाही. मी तीन उंचीचा नियम समजावून सांगायला लागलो तर एका म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाला, बस बाळा, तू बस, तुला धक्का बसलाय.

सगळे पांढऱ्या कपड्यांत. ऊन आहेच तसं.

चहा विचारला. कोणी घेत नाही. उलट तीन घरांतून पिठलं-भात आला. नवीन फॉयरची भेट असावी. जाताना कोणी येतो म्हणत नाही, नुसते उठून जातात. गावात शिष्टाचार कमी. पिठलं चांगलं होतं.

बाहेर खुर्च्या आल्या. कोणी मागवल्या विचारलं तर म्हणे गावच्या सोसायटीकडून. नारपोलीहून इश्तियाकभाई पण आले, बरोबर चार-पाच लूमवाले.

नंतर

मोठी गोष्ट. दौलतशेट आले.

दौलतशेट म्हणजे मामांच्या गोडाऊनशेजारच्या जमिनीचे मालक. कुंपणाच्या भांडणापायी दोघं कित्येक वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. लग्नात आमच्या आले नव्हते. ते आज आले, फोटोसमोर उभे राहिले आणि लहान पोरासारखे रडले. म्हणाले, केसऱ्या, भांडायला तरी राहायचास रं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जीवन, आता सगळा भार तुझ्यावर हाय. कुणाल पोर हाय, त्याला न्हाय झेपायचं.

तीन वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. मी पण रडलो.

त्यांनी विचारलं, कधी आणतायत? म्हटलं, संध्याकाळपर्यंत, कुणाल गाडीने आणतोय. त्यांनी मान डोलावली आणि बाहेर कोणाला तरी बांबू आणायला सांगितलं. मांडवासाठी, असं मी समजलो.

संध्याकाळी

रीमा आधी आली. मागच्या दाराने आली, स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये, आणि तिने टेबल मागून बघितलं, मग पुढून. तिने मला फक्त एवढंच विचारलं की बाबांच्या फोटोला चंदनाचा हार कोणी घातला. मी म्हटलं, चंदनाचा नाही, मण्यांची माळ आहे, स्टायलिंग. ती मटकन जिन्यावर बसली.

तेव्हा मला सगळं समजलं. तसं थोडं आधीपासून जाणवत होतं. पण खात्री नसताना बोलणं बरं नव्हे.

मी माळ काढायला पुढे झालो तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न. माणसं उठून उभी राहिली. गाडीतून मामा उतरले, कपाळाला भंडारा, हातात नारळाचा प्रसाद. ठकुबाई किंचाळली आणि आडवी झाली. दोन लूमवाले पळाले. बांबू घेऊन येणारा मधल्यामध्ये उभा राहिला.

मामांना वाटलं घरातच कोणी गेलं. माझ्या रीमाला काय झालं असं ओरडत ते दाराकडे धावले. पण दार पाव. मामा अंगाने भरलेले. ते स्वतःच्या दारात अडकले, अर्धे आत, अर्धे बाहेर, आणि समोर बघतात तर स्वतःचाच फोटो, हार घातलेला, पुढे समई.

सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. त्या तिथे पायरीवरच बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. नवरा समोर धडधाकट अडकलेला असून रडल्या. हे मात्र मला बघवलं नाही. मी जिन्याखाली गेलो.

६ एप्रिल

 सासूबाईंनी मामांची मीठ-मोहरीने दृष्ट काढली, तीनदा. मग माझ्याकडे बघून चौथ्यांदा काढली.

ठकुबाई मात्र म्हणाली, ज्याच्या मरणाची हूल उठते त्याचं आयुष्य वाढतं. म्हणजे शास्त्रानुसार मी मामांचं आयुष्य वाढवलं आहे. योग्य वेळी हा मुद्दा मांडेन.

टेबल फोडायचं ठरलं. कुणालने हातोडा आणला. मामा म्हणाले, थांब. त्यांनी खुर्ची ओढली, टेबलासमोर बसले आणि मला विचारायला लागले. कोण आला, कोण न्हाय आला? कोण रडला? कोण नुस्ता तोंड दावून गेला? मी सगळं सांगितलं. मला सगळं आठवत होतं, दिवसभर मीच तर उभा होतो. सख्खा चुलतभाऊ आला नव्हता, हेही सांगितलं. दौलतशेट काय बोलले ते मी सांगितलं, भांडायला तरी राहायचास. मामांनी फोटोकडे बघितलं. मग उठले आणि मागच्या दाराने कुठेतरी गेले.

तासाभराने दौलतशेट आणि मामा हातात हात घालून आले. दोघं ओटीवर बसले. कुंपण काढायचं ठरलं. इतक्या वर्षांचं भांडण मिटलं, आणि कशामुळे मिटलं? फॉयरमुळे. एंट्री घराचा चेहरा असते हे मी आधीच लिहून ठेवलंय. तारीख बघावी.

रीमाला म्हटलं, किल्ली नक्की. तिने पलंगाखालून बॅग काढून त्यात टॉवेल ठेवले. म्हणजे तिलाही वाटतंय.

७ एप्रिल

मामांनी बोलावलं. आम्ही दोघं गेलो. रीमा चांगली साडी नेसली होती.

मामा खुशीत. म्हणाले, जावईबापू. (जावईबापू!) म्हणाले, तू काम पुरं केलंस, मी बोललो तो शब्द मोडत न्हाय, किल्ली तुला भेटल. मी खाली बघितलं, नम्रपणे.

मग म्हणाले, पण मी इचार केला. दौलतच्या पोराचं नवीन लगीन झालंय, त्याला जागा न्हाय. अंजूरफाट्याचा फ्लॅट मी त्याला दिला राहायला. एवढ्या वर्षांनी मानूस घरी आला, त्याला मोकल्या हातानं कसा धाडू? आणि तू तर हीरा हायेस. कोण आला, कोण गेला, तुझ्या ध्यानात राहतं. तुला लांब कशाला घालवू? गोडाऊनं तू बघ. इथंच बस. टेबल हायच.

असं म्हणून त्यांनी जुडगा माझ्या हातात दिला. सगळ्या गोडाऊनच्या किल्ल्या, मेन गेटची, पाण्याच्या मोटरच्या खोलीची.

मी काहीतरी बोलणार होतो. शब्द तयार होते. पण तेवढ्यात सासूबाईंनी पेढा तोंडात घातला.

खोलीत आल्यावर रीमाने बॅग उघडून एकेक कपडा परत कपाटात लावला. मी म्हटलं, जबाबदारी दिलीय, बघ, हळूहळू. ती म्हणाली, मला फक्त एक दार पाहिजे होतं जीवन, तू गेट घेऊन आलास. मग दिवा बंद केला.  

१४ एप्रिल, सोमवार

फॉयर पूर्ण वापरात आहे. टेबलाला खुर्ची लावली. मामांचा फोटो त्यांच्याच आग्रहाने तिथेच आहे, माळ काढून. ट्रकवाले मालाचं चलान घेऊन फटीतून हात आत घालतात, मी सही करतो. काही जण अजून फोटो बघून माझ्याकडे दुःखाने बघतात. त्यांना सांगतो, आहेत, जेवायला बसलेत.

मानकोलीची नोकरी सोडली ती याच सह्यांना कंटाळून. पण तिथे मी नोकर होतो. इथे मी फॉयरमध्ये आहे.

बाऊल काठोकाठ भरलाय. किल्ल्या एकावर एक. पितळेवर लोखंड छान उठून दिसतं.

आज पहाटे पहिल्या ट्रकने हॉर्न दिला. उठलो, बाऊलमधून गेटची किल्ली काढली, पोट आत घेऊन बाहेर गेलो. गेट उघडलं. परत आलो तर वाऱ्याने दार लागलेलं. सगळा जुडगा लावून बघितला. एकही बसेना.

बेल वाजवली. आतून मामांनी विचारलं, कोन हाय?

म्हटलं, मी.